मालक म्हणतील तसं

लिनक्सवर सॉफ्टवेअर बसत नाही, अशी ओरड करणारे मूळचे विंडोजवाले. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत समोर येईल ते गुमान गिळायची त्यांना सवय. लिनक्स तुम्हाला मालक मानतं. आणि मालक म्हटला की कागद वाचूनच सही करायची.

२०२१च्या नोव्हेंबरात हा मान कॅनडातला नामवंत यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन याला मिळाला. पॉप ओएस या लिनक्सच्या अवतारावर त्याला गेमसाठी ‘स्टीम’ हवं होतं. ॲप स्टोअरमधून ते बसेना, म्हणून गडी टर्मिनलात उतरला. नेमका तेव्हा त्या पॅकेजातच घोळ होता. लिनक्सने हिशेब मांडला: स्टीम घ्यायचं तर डेस्कटॉप काढावा लागेल. तसं लांबलचक यादीनिशी कळवलंही, आणि खात्रीच असेल तर ‘यस, डू ॲज आय से!’ असं टाइप करा, असं बजावलं. त्याने टाइप केलं, उद्गारचिन्हासकट. डेस्कटॉप गेला. एक गेमचं दुकान उघडायला अख्खी आळी पाडणारी यंत्रणा दोषी, की यादी न वाचणारा? लिनक्सभक्तांनी दुसरा पर्याय निवडला. पॉप ओएसवाल्यांनी मात्र ते वाक्य लिहून पुढे जायची वाटच बुजवली. वाचकवर्गाबद्दल त्यांचा अंदाज भक्तांपेक्षा बरा असावा.

बाकी पारदर्शकतेत कुणी हात धरणार नाही. डेबियन १२ या दुसऱ्या अवतारावर पिप या इन्स्टॉलरने पायथनचं एखादं पॅकेज थेट सिस्टिमवर बसवू पाहा. नकार मिळतो. हट्टच असेल तर आज्ञेच्या शेपटीला ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ जोडायचं. घर मोडायचा अर्ज इतक्या स्वच्छ अक्षरात दुसरं कोणतं कार्यालय छापतं?

पूर्वी डेब आणि आरपीएम अशी पॅकेजांची दोनच मोठी घराणी होती. हे बरं नव्हे, सगळीकडे चालेल असं एकच काहीतरी हवं, असं ठरलं. म्हणून आता स्नॅप, फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज अशी तीन ‘एकच’ आहेत. उबुंटू या लिनक्सात एपीटी या इन्स्टॉलरकडे क्रोमियम ब्राउझर मागा, तो परस्पर स्नॅपचं आणून देतो. यावर लिनक्स मिंट इतकं चिडलं की २०२०मध्ये त्याने स्नॅपला दारातच अडवलं. मिंट उबुंटूवरच उभं आहे, हे सांगायला हवं. भाऊबंदकी परक्यांत होत नाही.

२०१४मध्ये पोर्टलंडच्या डेबियन परिषदेत एक गृहस्थ हीच रड घेऊन बसले होते. स्कुबा डायव्हिंगच्या नोंदी ठेवणारा त्यांचा सबसरफेस हा प्रोग्रॅम. विंडोज आणि मॅकसाठी तयार फाइल देतो, म्हणाले, लिनक्ससाठी देत नाही. फार डोकेदुखी आहे. गृहस्थांचं नाव लायनस टोरवाल्ड्स, खुद्द लिनक्सचे जनक. त्यांना आधी मॅन्युअल वाचून या, असं कुणी सुनावल्याचं ऐकिवात नाही.