दहा महिन्यांचा संसार

"अगं, थांब जरा. छत्री राहू दे, थांबेल आता पाऊस. ये इकडे कुंपणापाशी. काल रात्री तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा दोनपर्यंत चालू होता. भांडलात की काय?"

"नाही हो ताई. भांडायला माणूस घरी तर हवा! हा दीड वाजता उगवला. ग्रुपचं काम होतं म्हणे. एक नायजेरियाचा, एक जर्मन, एक कोरियन, एक चिलीची आणि आमचा हा. पाच जणांनी मिळून एक बुडती कंपनी वाचवली आणि घरी येऊन मला विचारतो, जेवायला काय आहे."

"पी-टू चालू आहे ना तुमचं? मग बरोबर. पी-वनला माणूस हरवतो, पी-टूला त्याची झोप. दोन वर्षांचा एमबीए दहा महिन्यांत कोंबायचा, तर दोन-दोन महिन्यांचे पाच पी होणारच. आमचं पी-फोर चाललंय. आता झोप येते, नोकरी येत नाही. आणि ती चिलीची ना, चांगली आहे गं. तिचा नवरा मंगळवारी फोंतेनब्लोच्या बाजारात दिसतो, पोराला खांद्यावर घेऊन. सगळ्यांत स्वस्त टोमॅटो कुठे, ते त्याला विचार."

"मला वाटलं होतं, इथे बायकाच असतील."

"छे! बेकरीच्या वरच्या मजल्यावरचा तो ब्राझीलचा पाहिलास का? बायको शिकते, हा साओ पावलोत वकिली सोडून आलाय. पार्टीत लोक त्याला विचारतात, तुमची मिसेस किती दिवस आहे इथे? त्यांना वाटतं, हा विद्यार्थी आणि ती भेटायला आलेली. बिचारा आधी खुलासे द्यायचा. आता म्हणतो, राहील डिसेंबरपर्यंत, अभ्यासात लक्ष असतं तिचं."

"त्याला निदान विद्यार्थी तरी समजतात. परवा मला एकीने विचारलं, कुठलं सेक्शन? म्हटलं, मी पार्टनर. झालं, बाई वाइन आणायला गेली ती परत आलीच नाही. घरी आईला सांगितलं, तर आई म्हणते, नशीब काढलंस, फ्रान्सला गेलीस, तुला काय कमी आहे?"

"आईला सांग, नशीब कपाळावर असतं. हे पासपोर्टावर छापलंय. व्हिजिटर व्हिसा. अर्जाबरोबर आपण लिहून दिलंय, फ्रान्समध्ये कुठलाही कामधंदा करणार नाही म्हणून. बरं, आल्यावर तीन महिन्यांच्या आत तो व्हिसा ऑनलाइन नोंदवायचा असतो, केलास का?"

"केला. आणि त्यातही गंमत बघा. त्याची फी कमी, माझी जास्त. तो पुढे पैसे कमावणार, मला कमवायची बंदी, आणि जास्त भरायचे कोणी? मी."

"ही गंमत इथे सगळ्यांना महिनाभर पुरते. बरं, मागच्या गल्लीतली ती बंगळूरवाली माहीत आहे ना? पहाटे साडेपाचला लॅपटॉप उघडते. तिकडे दहा वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे गेली की बिचारीला साडेसहाला बसलं तरी चालेल."

"पण ते चालतं का हो?"

"ती म्हणते, पगार भारतातला, ऑफिस भारतातलं, यांचा काय संबंध? पण बसलीये ती फ्रान्समध्ये, आणि लिहून काय दिलंय तेही तिलाच ठाऊक. मी म्हटलं, बाई, वकिलाला विचार. मला नको, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. त्या ग्रुपवर पाळणा विकत मिळतो, कुकरची रिंग मिळते, कायदा मिळत नाही."

"सगळीकडे असंच असतं का?"

"देशागणिक वेगळं. माझी मावसबहीण बोस्टनला आहे, एफ-टू व्हिसावर. तिलाही नोकरी नाही. शिकायचं म्हटलं तरी अर्धवेळ. ब्रिटनचं तर बोलूच नकोस. जानेवारी 2024 पासून एमबीएवाल्याला नवरा-बायको सोबत नेताच येत नाही. संशोधनाची पदवी करणारा असेल किंवा सरकारी शिष्यवृत्तीवाला असेल तरच. आणि माझी धाकटी जाऊ जर्मनीत आहे. तीसुद्धा नवऱ्याच्या शिक्षणापायीच गेली. पण तिच्या कार्डावर नोकरीची मुभा आहे. सकाळी आठला कामावर जाते. शिक्षण नवऱ्याचंच, संसार तसाच, पण सीमेपलीकडे पगार आणि अलीकडे पोळ्या."

"जाऊबाई फोन करत असतील ना पगाराच्या दिवशी?"

"न चुकता! पण तिचं सोड. मला आधी एक सांग, बँकेत खातं उघडलंस का?"

"गेले होते परवा. बोंजूर मादाम म्हटलं, पासपोर्ट दिला, व्हिसा दिला. ती म्हणाली, पत्त्याचा पुरावा. म्हटलं, तो काय, समोरच्या टेकडीवर, साम्वाला राहतो आम्ही! तिला कागद हवा होता. आणि घरातला एकही कागद माझ्या नावावर नाही. भाडेकरार त्याचा, वीज त्याची, इंटरनेट त्याचं. शेवटी म्हणाली, नवऱ्याकडून आतेस्तासियों आणा."

"आतेस्तासियों देबेर्जमाँ. म्हणजे त्याने लिहून द्यायचं की, मी या बाईला माझ्या घरात राहायला जागा दिली आहे. सोबत त्याचं ओळखपत्र, त्याचं बिल आणि खाली त्याची सही."

"तेच तर! नागपुरात माझी सही झाल्याशिवाय स्लॅब भरत नव्हते, ताई. कंत्राटदार उन्हात ताटकळत बसायचा. आणि इथे माझ्याच घरात मला ठेवून घेतल्याचा दाखला!"

"चिडू नकोस, तुला आतली गोष्ट सांगते. फ्रान्सचा कायदा काही इतका वाईट नाही. लग्न झालेल्यांचं राहतं घर असेल, तर भाडेकरारावर सही एकाचीच असली तरी करार दोघांचा धरतात. ब्राझीलच्या वकिलाने पुस्तकात दाखवलं मला, दिवाणी संहितेचं 1751 वं कलम. पण बँकेच्या काउंटरवर कलम चालत नाही, बिल चालतं. म्हणून आधी वीज कंपनीला फोन करायला लाव आणि बिलावर तुझं नाव घाल. दोन नावं घालून मिळतात. पुढचं बिल आलं की तू या गावची रहिवासी."

"आणि ज्यांचं लग्न झालेलं नाही ते?"

"त्यांनी करारावर दोघांच्या सह्या घ्यायच्या, पहिल्याच दिवशी. त्या पुलाजवळच्या मोठ्या वाड्यात पोलंडची मुलगी होती, आठवते का? हो, तू नव्हतीस तेव्हा. सात जणांनी मिळून तो वाडा घेतलेला, शातो म्हणायचं आणि हिवाळ्यात दोन-दोन स्वेटर घालून जेवायचं. तिचं आणि तिच्या मित्राचं फाटलं नोव्हेंबरात. करारावर नाव नाही, खातं नाही. तो लायब्ररीत आणि ही दोन बॅगा घेऊन माझ्या सोफ्यावर. आठवडाभर होती. छान पियेरोगी करायची."

"अगोबाई!"

"हे काही आजचं नाही गं. फोंतेनब्लोला जुनी सवय आहे. यांचं हे बिझनेस स्कूल, इन्सिआड, निघालं 1957 ला. आताची जंगलाकडेची इमारत 1967 ची. त्याआधी वर्ग भरायचे ते फोंतेनब्लोच्या राजवाड्यात. त्याच राजवाड्यात 1809 च्या ऑक्टोबरात नेपोलियन ऑस्ट्रियाची मोहीम उरकून आला. जोसेफीन मागाहून पोचली. बघते तर काय, दोघांच्या दालनांमधला दरवाजा बंद करून टाकलेला!"

"कोणी सांगितलंसुद्धा नाही तिला?"

"सांगणार कोण? सगळे त्याच्या सेक्शनमधले! डिसेंबरात घटस्फोट, आणि वर्ष उलटायच्या आत नवी राणी, मारी-लुईझ. पण जोसेफीन कच्ची नव्हती हं. मालमेझोंचा वाडा, वर्षाला तनखा आणि सम्राज्ञी ही पदवी, सगळं तिच्याकडे राहिलं, कारण सगळं कागदावर होतं. आणि 1814 मध्ये राज्य सोडल्याच्या कागदावर नेपोलियनने सही केली ती कुठे? त्याच राजवाड्यात. जुलै-ऑगस्ट सोडले तर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकीट नसतं, तेव्हा बघून ये. नवऱ्यालाही ने. दरवाजाची गोष्ट त्याच्यासमोर मोठ्याने सांग."

"रविवारी तो झोपलेला असतो. मी आपली जंगलात जाते. पण तिथे एकटीला भीती वाटते हो, रानडुकरं आहेत म्हणतात."

"डुकरांना आपल्याशी घेणंदेणं नसतं. गोचिडांची भीती बाळग. परत आलीस की पायमोजे काढून नीट बघ. आणि निळ्या खुणा सोडू नकोस. देनकूर नावाच्या माणसाने 1842 पासून या जंगलात पायवाटा आखल्या, त्याच्या निळ्या खुणा अजून झाडांवर-दगडांवर रंगवतात. आमची टोळी गुरुवारी जाते. तू ये. ब्राझीलचा, चिलीचा, दोघी जपानी आणि ती कोरियन आई. तिचं पोर तीन वर्षांचं झालं आणि शाळेत गेलं. इथे 2019 पासून तिसऱ्या वर्षीच शाळा सक्तीची आहे. आता ते पोर आईच्या फ्रेंचला हसतं."

"माझं फ्रेंच ऐकून तर कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात."

"तरी गुरुवारी ये. अगं, या गावात खरी बातमी पार्टनरांकडेच असते. विद्यार्थी आपापल्या ग्रुपपुरते. आपल्याला मात्र प्रत्येक घरातलं ठाऊक. कोणाला लंडनची ऑफर आली, कोण सिंगापूरच्या कॅम्पसला जाणार, कोणाची गाडी विकायची आहे. आमच्या ह्याला लंडनच्या कंपनीतला माणूस भेटला तो कोणामुळे? बुधवारी शाळा नसते, म्हणून कोरियन आई माझ्याकडे आली, तिच्या नवऱ्याचा जुना साहेब तिथे निघाला. आमचा घरी येऊन सांगतो, आज मी फार छान नेटवर्किंग केलं. म्हटलं, वा! नंबर मी दिला, भजी मी तळली, नेटवर्किंग तू केलंस."

"भजीवरून आठवलं. पाडवा येतोय. कढीपत्ता कुठे मिळतो हो?"

"पॅरिसला. गार द लियोंपर्यंत चाळीसेक मिनिटं आपली गाडी, तिथून आरईआर डीने गार द्यू नोर, आणि चालत ला शापेल. श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आहेत, कढीपत्ता, नारळ, फणस सगळं. श्रीखंडाला मात्र पॅरिस नको. बाजारातून फ्रोमाज ब्लाँ आण आणि रात्रभर फडक्यात टांगून ठेव. चक्का तयार. फोंतेनब्लो नावाचाच एक गोड पदार्थ आहे यांचा, ताजं चीज आणि फेटलेली साय, तोही फडक्यात बांधून विकतात. मी चीजवाल्या बाईला आपल्या श्रीखंडाची चव दिली होती. केशर बघून म्हणाली, मादाम, हे तर आमचंच. मी कशाला वाद घालू? बिल कमी लावलं तिने."

"ताई, तुम्ही जुलैत गेलात की मी कोणाशी बोलू?"

"ऑगस्टात नवी तुकडी येईल. एखादी सोलापूरची नाहीतर सांगलीची येईलच, रडवेली, हातात आतेस्तासियों. तेव्हा तू ताई."

"आणि तुम्ही कुठे जाणार? लंडन?"

"आमच्याकडे त्यावरूनच दोन रात्री दिवा चालू होता. तुला दिसला नसेल, आमची खोली मागे आहे. त्याला म्हटलं, हे दहा महिने तुझे, मी आले, कबूल. पण पुढचं गाव निवडताना दोन नोकऱ्या बघायच्या. माझ्या व्हिसावर काम करायची मुभा आहे का, ते आधी बघायचं, पगाराचा आकडा नंतर. आणि त्यापुढची बदली माझ्या नोकरीसाठी. तो म्हणाला, हो हो, नक्की. म्हटलं, नक्की ना? मग लिही. वहीत लिहून घेतलंय, तारखेसकट."

"लिहिलं त्याने?"

"आधी हसला. मग म्हणाला, आपल्यात कागद कशाला? म्हटलं, दूतावासाला मी कागद दिला, बँकेला तू दिलास, घरमालकाला दिलास, मग मीच काय घोडं मारलंय? लिहिलं मुकाट्याने. अक्षर घाणेरडं आहे, पण वाचता येतं."

"आमचा हा लिहील की नाही, देव जाणे."

"एकदम सगळं मागू नकोस. आज वीज कंपनीचा फोन, उद्या खातं, वहीचं पाडव्याला, गोड खाऊन झाल्यावर. ते आतेस्तासियों छापून टेबलावर ठेव. आणि दीड वाजता तो आला की आधी सही घे, मग ताट वाढ."