जमीन तुमची, पार्किंग आमचं

कॅनडातल्या कॉलेजांत दीपप्रज्वलन नसतं, भूमी-कबुली असते. सूत्रसंचालक घसा खाकरून सांगतो, "आपण जमलो आहोत ती जमीन मूळची हॉडेनोशोनी आणि अनिशिनाबे लोकांची." सभागृह गंभीर होतं. लगेच पुढची सूचना: "गाड्या ठरलेल्या जागीच लावाव्यात, अन्यथा दंड होईल." कुणाच्या जमिनीवर कोण दंड वसूल करतंय, हे विचारायची सोय कार्यक्रमपत्रिकेत नसते.

ऑन्टारिओतल्या ग्रँड नदीचंच बघा. 1784 साली ब्रिटिश गव्हर्नर हाल्डिमंडने दोन्ही तीरांवरचा सहा-सहा मैलांचा पट्टा सिक्स नेशन्सच्या, म्हणजे हॉडेनोशोनी लोकांना दिला. आज त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग त्यांच्याकडे उरलाय. 1995 मध्ये त्यांनी सरकारवर दावा लावला. त्या वर्षी जन्मलेली पोरं पदवीधर होऊन बाहेर पडली, तरी निकाल नव्हता. वॉटर्लूची विद्यापीठं याच पट्ट्यावर उभी आहेत आणि तसं ती कबूलही करतात. कबूल करायला पैसे पडत नाहीत.

आता आदराचं बघू. वयाच्या दाखल्यावर जमातीत कुणी 'एल्डर', म्हणजे जाणतं माणूस, होत नाही. तसं लोकांनी मानावं लागतं. अशा जाणत्या आजीबाईंना बोलावण्यासाठी एखादी आदर्श समिती पुढील परिपत्रक काढेल:

1) विनंती करताना तंबाखू अर्पण करावा, अशी अनेक जमातींची रीत आहे. ती जरूर पाळावी. तंबाखूचं बिल मात्र लेखा विभाग मंजूर करणार नाही. आपला परिसर तंबाखूमुक्त आहे.

2) मानधनासाठी आजींनी 'पुरवठादार नोंदणी' अर्ज भरावा. ज्ञान पुरवल्याची पावती जोडावी. रक्कम सहा आठवड्यांत जमा होईल.

3) पवित्र वनस्पतींचा धूर करायचा असल्यास अग्निशमन यंत्रणेकडे आगाऊ अर्ज करावा. प्रार्थना कार्यालयीन वेळेतच आटोपावी.

4) पूर्वजांचं शहाणपण दहा मिनिटांत बसवावं. त्यानंतर प्रायोजकांचं भाषण आहे.

5) आशीर्वाद झाल्यावर आजींना सन्मानाने दारापर्यंत सोडावं. अंदाजपत्रकाची बैठक त्यानंतर सुरू होईल.

प्रगती झाली नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 1876 च्या इंडियन अ‍ॅक्टनुसार विद्यापीठाची पदवी मिळवणारा आदिवासी कायद्याच्या लेखी आदिवासीच उरत नसे. शिकला की जमातीतून बाद! पुढे दीड लाखांवर मुलं निवासी शाळांत कोंबली गेली आणि तिथे आपली भाषा बोलली म्हणून त्यांनी मार खाल्ला. आता त्याच देशात पदवीदानाला ढोल वाजतो, फोटो निघतो आणि तो पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर छापला जातो.

कागदाची तर अजिबात टंचाई नाही. देशभरच्या कॉलेजांच्या संघटनेने 2014 मध्ये आचारसंहिता केली; कारभारात आदिवासींचं स्थान मान्य करा, असं तीत स्वच्छ लिहिलंय. 2015 मध्ये निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने 94 शिफारशी केल्या. त्या वाचलेल्या माणसाला नवं परिपत्रक लागू नये.

तेव्हा आदर मोजायचाच तर फलक आणि ढोल मोजू नका. नियामक मंडळात मत असलेले आदिवासी किती, स्वतःविषयीच्या अभ्यासक्रमाला 'नको' म्हणायचा अधिकार त्यांना आहे का आणि त्यांच्या पोरांची फी कोण भरतं, एवढंच विचारा. उत्तराला उशीर झाला, तर समिती नेमलीय असं समजा.