डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत

दसऱ्याला गाडी बुक केली. सेल्समनने पेढा भरवला, ‘अभिनंदन काका’ म्हणाला आणि अकरा हजारांची पावती फाडली. ऑन-रोड नऊ लाख चाळीस. आमच्या पिढीत ठरलं म्हणजे ठरलं.

जानेवारीत फोन आला. “काका, गाडी आली. फक्त बावीस हजार वाढलेत.”

“अहो, पण आपलं ठरलं होतं!”

“ठरलं होतंच की. पण फॉर्मवर सही आहे तुमची.”

फॉर्म शोधला. पाठीमागे, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत : ‘डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती किंमत लागू राहील.’ त्याच्या खाली : ‘ग्राहकाने बुकिंग रद्द केल्यास रक्कम कापली जाईल.’ सही एकच, पण बांधला गेलो मी एकटा.

आता डिलिव्हरीचा दिवस कोण ठरवतं, तेही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, वरचा सेसही गेला. शेजारच्या जोशांची गाडी त्याआधीच, ऐन पितृपक्षात, दारात सोडायला शोरूम तयार! एरवी मुहूर्त विकून पोट भरणारी मंडळी एका रात्रीत पुरोगामी झाली : “काका, पितृपक्ष वगैरे कोण मानतं हल्ली?” जोशांनी मानला आणि घटस्थापनेला गाडी आणली. माझ्या वेळी जानेवारीची दरवाढ व्हायची होती, तेव्हा गाडी तीन महिने ‘यार्डातून निघतेय’ होती.

कायदा नाही असं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ हा शब्द छापलेला आहे. पण तसा करार रद्द करून घ्यायचा, तर जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे जायचं. बावीस हजारांसाठी वकील, तारखा आणि एसटीचे हेलपाटे. शोरूमवाल्याला हे गणित तोंडपाठ असतं. म्हणून तर तो इतका गोड बोलतो.

शेवटी निमूटपणे चेक लिहिला. फक्त मागच्या बाजूला, मुंगीच्याच अक्षरांत, एक ओळ घातली : ‘वटवण्याच्या दिवशी खात्यात असेल ती रक्कम लागू राहील.’

सेल्समनने चेक उलटून पाहिला. चेहरा पडला.

“असं कसं चालेल काका? चेक म्हणजे शब्द असतो!”