चौथी सीट

मुंबईच्या लोकलचा बाक तिघांसाठी असतो आणि त्यावर चौघे बसतात. त्या चौथ्याची अवस्था ज्याने भोगली त्यालाच ठाऊक. अर्धा देह बाकावर, अर्धा अधांतरी, एक पाय वाटेत रोवलेला, मांडीवर बॅग, आणि गाडीने वळण घेतलं की तोल सावरायला शेजाऱ्याचा खांदा. तरीही त्या जागेला आम्ही मानाने 'सीट' म्हणतो. "बसायला मिळालं का?" असं घरी विचारलं की "हो, चौथी मिळाली" हे सांगताना आवाजात लॉटरी लागल्याचा आनंद असतो.

ही सीट मागायची एक रीत आहे. गयावया करायची नाही, हक्कही दाखवायचा नाही. कडेच्या माणसाच्या गुडघ्यापाशी उभं राहायचं आणि बाकावरची माशी हाकलावी तसा पंजा हलवायचा. फार तर तोंडाने "जरा सरका" म्हणायचं. मग ते तिघे पेपरातून डोकं न काढता, एकमेकांकडे न बघता तीन-तीन इंच सरकतात. आभार मानायची पद्धत नाही. आभार मानले तर माणूस नवा आहे, बहुधा पुण्याचा, असं समजतात.

ठाण्यापर्यंत उभं राहणाऱ्याला हिशेबाशिवाय दुसरा उद्योग नसतो. मी एकदा हिशेब मांडला. तिघांचे तीन-तीन इंच म्हणजे नऊ इंच. बाकाची खोली धरा पंधरा-सोळा इंच. झाली साधारण एक चौरस फूट जागा. आता दादरला एका चौरस फुटाला बिल्डर काय मागतो ते आठवा. माझ्या पहिल्या नोकरीचे कित्येक पगार त्यात बुडाले असते. ज्या शहरात माणूस सख्ख्या भावाला गॅलरीचा कोपरा सोडत नाही, त्या शहरात तीन अनोळखी माणसं रोज संध्याकाळी एक चौरस फूट फुकट देऊन टाकतात, आणि वर शब्दकोडंही सोडवत राहतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा तिच्या १४ डब्यांत ४०० पाहुणे होते. तोफांची सलामी झाली, बँड वाजला, सगळा थाटमाट झाला. पण डब्याला जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस माणसं असलेल्या त्या गाडीत "जरा सरका" असं कुणी म्हटलं असेल, असं मला वाटत नाही. त्याला आधी गर्दी व्हावी लागली.

पुढे मला बढती मिळाली आणि घरच्यांनी फर्स्ट क्लासचा पास काढायला लावला. "आता वय झालं, अजून किती लोंबकळणार?" सेकंडच्या पासाच्या कितीतरी पट पैसे मोजून मी गादीवाल्या डब्यात चढलो. गादी होती. घामाच्या जागी अत्तर होतं. गर्दी मात्र तीच. पहिल्याच संध्याकाळी एका बाकापाशी उभा राहिलो आणि सवयीने पंजा हलवला. तिघांनीही माझ्या पंजाकडे पाहिलं. मी भरतनाट्यमची एखादी मुद्रा करतोय असं त्यांना वाटलं असावं. "इथे तीनच," त्यातला एक म्हणाला. तसं बघितलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. ऐसपैस बसायचे त्याने रोख पैसे भरले होते, आणि मी त्यातलेच तीन इंच खायला निघालो होतो.

ठाण्यापर्यंत मी मनातल्या मनात त्याला बरंच बोललो. पण खरी मौज पुढेच आहे. दोनेक महिन्यांनी मला बसायला मिळालं असताना एका घामाघूम गृहस्थाने माझ्यापुढे पंजा हलवला, आणि मी, डोंबिवलीचा, वीस वर्षं चौथ्या सीटवर पोसलेला माणूस, त्याला म्हणालो, "इथे तीनच."

पैशाने मला गादी दिली होती, आणि न सरकण्याची सोयही.

एवढ्यावरून मी पैशाच्या विरुद्ध आहे असं समजू नका. 'पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे' असं सांगणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या मुदतठेवी असतात आणि व्याजदर पाव टक्का उतरला की त्यांचा रक्तदाब चढतो. महिनाअखेरीला गॅस संपलेल्या घरात जाऊन हे वाक्य म्हणून दाखवावं. तसं म्हणायचा अधिकार माझ्या माहितीत गाडगेबाबांना होता. लोकांकडून लाखो रुपये उभे केले, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः मात्र खराटा आणि फुटकं गाडगं घेऊन हिंडले. पण त्यांनी पैसा नाकारला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. त्या पैशाच्या भिंती केल्या, आणि भिंतींच्या आत परक्या माणसाला पथारी पसरायला जागा केली.

दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात देशभरातून जे कॅन्सरचे रुग्ण येतात, त्यांतले कितीतरी तिथे उतरतात. गावाकडचे एक नातेवाईक तिथे होते म्हणून मी मोसंबी घेऊन गेलो होतो. (आजाऱ्याला मोसंबीच का न्यायची हे मला अजून उलगडलेलं नाही. खाताना कुणाला पाहिलेलं नाही. तीच डझनभर मोसंबी या आजाऱ्याकडून त्या आजाऱ्याकडे मुंबईभर फिरत असावीत, असा माझा संशय आहे.) मी बसलो होतो तेवढ्यात एक नवं कुटुंब आलं. पत्र्याची ट्रंक, दोन पिशव्या, आणि तोंडाला मास्क लावलेलं सात-आठ वर्षांचं पोर. त्यांची भाषा आमच्यात कुणालाच येत नव्हती. आमच्या नातेवाइकांशेजारच्या बाईने एक अक्षर न बोलता आपली वळकटी ओढून घेतली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पंजा थोपटला. मी त्या पंजाकडे बघत राहिलो. लोकलमध्ये तो मागताना हलतो, इथे देताना हलला होता, एवढाच काय तो फरक.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाची गोष्ट मुंबईतल्या प्रत्येकाकडे एकेक आहे आणि प्रत्येकाच्या गोष्टीत पाणी दरवर्षी थोडं वाढतं. माझं कमरेपर्यंत होतं. मी शीवपर्यंत गाडीत आणि पुढे पाण्यातून. पाकिटात अकराशे रुपये होते आणि त्यांचा लगदा होत चालला होता. कुर्ल्याच्या पुढे एका चाळीच्या तोंडाशी एक बाई पातेल्यातून चहा वाटत होती. प्यायलो आणि मध्यमवर्गीय सवयीने खिशात हात घातला. त्या ओल्या दहाच्या नोटेकडे बघून ती म्हणाली, "आधी वाळवा ती." मागची माणसं हसली. मीही हसलो. नोट परत खिशात गेली.

मला मुळात सांगायचंय ते वडील गेले त्या दिवसाचं. ऑफिसात सव्वापाचला फोन आला. पळत सीएसटीला आलो तेव्हा गाडी सुटत होती. पास फर्स्टचा, पण समोर आला त्या डब्यात घुसलो आणि आत जाऊन उभा राहिलो. मी रडत नव्हतो. चेहरा कसा झाला होता कोण जाणे. खिडकीत एक माणूस बसला होता, तीही वाऱ्याच्या बाजूची खिडकी. ज्यांना लोकल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही खिडकी माणूस पुढच्या स्टेशनवरून उलटा प्रवास करून कमावतो. ती तो सासऱ्यालाही देत नाही. या माणसाने माझ्याकडे एकदा पाहिलं, परत एकदा पाहिलं, आणि उठला. "इथे बसा. वारा लागेल."

आणि तो माझ्या जागी उभा राहिला. घाटकोपर गेलं, विक्रोळी गेली. त्याने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. मुलुंडला फक्त शेंगदाण्याची पुडी पुढे केली. दोन दाणे घेतले. डोंबिवलीला उतरताना त्याचे आभार मानणंही मला सुचलं नाही. लोकलच्या रिवाजाप्रमाणे ते बरोबरच झालं म्हणायचं.

आता फर्स्टच्या डब्यात कुणी पंजा हलवला तर मी सरकतो का? सरकतो, कधीकधी. गादीवरून सरकायला जरा जड जातं.

त्या दिवशी घरी आलो तर वरच्या मजल्यावरच्या काकू आमच्या स्वयंपाकघरात. या काकूंचं आणि आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं, एवढं साधं कारण. सोसायटीच्या सभेत आम्ही एकमेकांना 'काही सभासद' म्हणायचो. आमच्याकडे दुःखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. काही भागांत त्याला कडू घास म्हणतात. तो कुणाकडून यायचा याचा हिशेब कुणी ठेवत नाही. काकूंनी तर आलेल्यांना बसायला सतरंजी घातली होती, बाहेरच्या चपला एका बाजूला लावल्या होत्या, आणि त्या माझ्या बायकोला दटावत होत्या, "वहिनी, दोन घास खा आधी. मी आहे इथे." माझ्यापुढेही ताट आलं. मी जेवलो. पिठलं थोडं खारट होतं, हे आठवतंय याची मला लाज वाटते.

पंचाईत नंतर झाली. ते पातेलं परत द्यायचं होतं. शेजारचं भांडं रिकामं पाठवायचं नाही, हे आईने लहानपणापासून शिकवलेलं. पण यात घालायचं काय? साखर घालावी, तर दुःखातलं भांडं. लाडू तर नाहीच नाही. मी सुचवलं, दुकानातून एखादा चांगला स्टीलचा डबा आणून त्यांना देऊन टाकू. बायको म्हणाली, "पिठल्याचे पैसे चुकते करताय?" मी गप्प बसलो. पातेलं ओट्याखालच्या कप्प्यात गेलं. वर्षश्राद्ध झालं, तरी ते तिथेच.

परवा कपड्यांवर पुन्हा पाणी आलं. नवा पांढरा शर्ट. जिन्यात आमची गाठ पडली आणि अर्थातच जुंपली. मी पाण्याचा निचरा काढला, त्यांनी आमच्या स्कूटरची पार्किंग काढली. शेजारच्या दोन दारांची पीपहोल काळी झाली. शेवटी वर जाता जाता पायरीवर थांबून काकू म्हणाल्या, "आणि आमचं पातेलं आहे तुमच्याकडे. विसरला असाल."

"विसरलो नाही," मी म्हणालो. "काय घालून द्यावं ते सुचत नाहीये."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या.

"असू दे मग तिथेच," म्हणाल्या, आणि कुंड्यांना पाणी घालायला वर निघून गेल्या.