अर्ध्या तिकिटाची हद्द

बदामी-पट्टदकल बघायला निघालोय असं कोल्हापुरात कुणालाही सांगा. रस्ता कसा, अंतर किती, हे कुणी विचारत नाही. ‘आजचा पेपर बघितलास काय?’ हा पहिला प्रश्न. पेपरात बघायचं ते सीमाप्रश्नाचं तापमान. बेळगावात कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन भरलं, इकडच्या एखाद्या मंत्र्यानं तिकडं जायची घोषणा केली, की प्रश्न कोर्टात राहतो आणि राग एसटीवर निघतो. तिकडं आपल्या गाडीला काळं, इकडं त्यांच्या गाडीला काळं. मग आपली गाडी कागलपर्यंत, त्यांची निपाणीपर्यंत, आणि मधली दूधगंगा ज्याची त्यानं ओलांडायची. २०२२ च्या डिसेंबरात हा सोहळा साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिला.

अमेरिकेतला माझा भाचा मध्यंतरी बेलीझमधून जमिनीवरून ग्वाटेमालात शिरला, टिकालचे माया लोकांचे अवशेष बघायला. ‘मामा, दोन देश, दोन शिक्के, एक व्हॅन! बॉर्डर क्रॉस करताना कसलं भारी वाटतं!’ मी म्हटलं, लेका, तुझ्याकडं पासपोर्ट तरी होता. टिकालची उंच देवळं आठव्या शतकातली, पट्टदकलचीही आठव्याच शतकातली. फरक एवढाच की त्याच्याबरोबर गाइड होता आणि माझ्याबरोबर आत्ती.

आत्तीला अवशेषांशी देणंघेणं नव्हतं. बदामीजवळची बनशंकरी ही आमची कुळस्वामिनी, ओटी भरायची राहिली होती. सत्तरी ओलांडली तरी मंगळवार पेठेत तिच्या शब्दाला अजून वजन आहे, त्यामुळं वाहन ठरवायची समिती दोघांची असली तरी मत एकच होतं.

आधी पिवळ्या पाटीचा गाडीवाला गाठला. तो बोटांवर मोजत म्हणाला, ‘परमिट काढाय लागतंय सायेब. कर्नाटकचा टॅक्स येगळा, माझा भत्ता येगळा, आन् काच फुटली तर ती येगळी.’

‘काच कशानं फुटंल?’

‘पाटीवर एमएच शून्य नऊ हाय न्हवं.’

रेल्वेचा विचार झाला. हरिप्रिया एक्सप्रेसनं गदगला उतरून बदामीची गाडी पकडता येते. पण हरिप्रिया तिरुपतीला जाते, हे आत्तीला कुणीतरी सांगितलं होतं. ‘बालाजीच्या गाडीत बसायचं आन् बालाजीला न जाता मधीच उतरायचं? पाप लागंल.’ रेल्वे बाद. एक पाहुणा स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी फुकट द्यायला तयार होता, पण त्याची सासुरवाडी वाटेवर. तिथं रस्सा होणार, रस्स्यानंतर झोप होणार, आणि बदामीचे चालुक्य तेराशे वर्षं थांबलेत तर उद्यापर्यंत थांबतील असा ठराव होणार. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि बदामीला जाणाऱ्यांनी वडाप भरलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

राहिली एसटी. मध्यवर्ती बसस्थानकावरून बेळगावची गाडी मिळाली आणि गाडी गावाबाहेरही पडली नसेल इतक्यात आत्तीनं आघाडी उघडली.

‘मास्तर, बाई म्हणून अर्धं तिकीट न्हवं?’

‘व्हय.’

‘आन् म्हातारी म्हणून अर्धं?’

‘व्हय.’

‘मग दोन अर्धी मिळून फुकटच की.’

कंडक्टर मास्तरनं नोकरीत असलं गणित पाहिलं नव्हतं. त्यानं शांतपणे सांगितलं की दोन्ही सवलती मिळून एकच, आणि तीही राज्याच्या हद्दीपर्यंत, पुढं पूर्ण. आत्ती कागलपर्यंत अर्धी बाई होती, कोगनोळी नाका ओलांडताच पूर्ण झाली.

बेळगावात त्यांच्या लाल गाडीत बसलो. कर्नाटकात २०२३ पासून शक्ती योजना. साध्या गाडीत तिथल्या बायकांना फुकट. आजूबाजूच्या सगळ्या बायकांच्या हातात शून्य रुपयांची तिकिटं. आत्तीनं ऐटीत आधार कार्ड पुढं केलं. कंडक्टरनं पत्ता वाचला, हसला, म्हणाला, ‘आजी, हे कोल्हापूरचं आहे की वं.’

‘माझं माहेर निपाणी!’

‘माहेर चालत नाही.’

‘मी जन्मले तवा निपाणी मुंबई राज्यात हुती. छप्पन साली तुमी तिकडं घेतलासा. घेतलासा ते घेतलासा, मला तिकीट बी लावतासा?’

सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. पण एवढी थेट मांडणी कुणी वकिलानं केली असेल असं वाटत नाही. सगळी गाडी आत्तीच्या बाजूनं झाली, मराठी-कानडी दोन्ही. तिकीट मात्र पूर्णच फाडावं लागलं.

बनशंकरीची ओटी भरली, देवळाबाहेर ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन आत्ती प्रसन्न झाली आणि माझ्या अवशेषांना परवानगी मिळाली. बदामीहून एक रिक्षा ठरवली. पट्टदकलला मी सांगितलं, चालुक्यांचा विक्रमादित्य दुसरा कांचीच्या पल्लवांना हरवून आला म्हणून राणी लोकमहादेवीनं हे विरुपाक्षाचं देऊळ उभारलं. आत्तीनं शिखराकडं बघून सुस्कारा टाकला. ‘आमचं मालक सोसायटीची निवडणूक जिंकून आलं तवा मी नुसतं पेढं वाटलं.’ ऐहोळेला लाडखान नावाच्या देवळात पूर्वी त्या नावाचा माणूस राहत होता म्हणून ते नाव, असं कळल्यावर तिचा प्रश्न एकच: ‘भाडं किती द्यायचा?’

तिथल्याच मेगुतीच्या टेकडीवर चढताना मात्र ती गप्प होती, दम लागला म्हणून. वर कवी रविकीर्तीचा शिलालेख, इसवी सन ६३४ चा. हर्षवर्धनाला रोखणारा पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तिन्ही महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असं त्यात कोरलंय. राजधानी बदामी.

‘मंजे आमची निपाणी बी त्याच्याकडंच?’

‘बहुतेक.’

‘आन् कोल्हापूर?’

‘तेही.’

‘मग मघाशी त्यो पोरगा कुणाच्या हिशेबानं तिकीट मागत हुता?’

उतरताना रिक्षावाल्याशी गप्पा निघाल्या. पोरगा अस्सल बदामीचा, पण मराठी सफाईदार, बायको गडहिंग्लजची. आत्तीचे डोळे चमकले. ‘मंजे तू आमचा जावईच की! मग भाडं कमी कर.’

‘आत्ती,’ तो रिक्षाला किक मारत म्हणाला, ‘जावयाला कुणी कमी देतंय काय?’

आत्तीनं ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले, वर नारळ.