साहेब मीच, शिपाईही मीच
अनुवादाचं काम घरून करते. शेजारच्या काकूंच्या लेखी मात्र मी ‘घरीच असते’; त्यामुळे अख्ख्या मजल्याची कुरिअरं माझ्या दारात.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोन येतो, ‘छोटंसंच काम आहे हो, सोमवारी सकाळी द्या.’ छोटंसं म्हणजे 40 पानं. बिलाचं विचारलं की, ‘अकाउंट्सला पाठवलंय.’ उद्यम नोंदणी असलेल्यांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. तो दाखवायची सोय नाही. पुढचं काम जायचं! टीडीएस तेवढा न चुकता कापतात.

सुख एकच: भर मंगळवारी दुपारी वरणभातावर तूप घेऊन ताणून देता येतं. परवा असाच डोळा लागला आणि बेल वाजली. काकूंचा सिलिंडर आला होता.