आल्बुकर्कची वाडी आणि आईची बरणी

लिस्बन

प्रिय आई-बाबा,

आम्ही सगळे मजेत. धाकट्याचा खोकला गेला.

रविवारी नदीपलीकडे अझेइतांवला जाऊन आलो, किंता दा बाकाल्योआ ही जुनी वाडी बघायला. वाडीच म्हणायची, फक्त केळी-पानवेलींच्या जागी द्राक्षं. बाबा, १५२८ साली ही कुणी विकत घेतली असेल? गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कच्या मुलानं! आपली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली ती त्यानंतर, १५३४ला. तळ्याकाठच्या घरात टाइल्सवर बायबलमधली सुझान्ना आंघोळ करतेय आणि दोन म्हातारे तिच्यामागे लागलेत. धाकटा म्हणाला, "हे आजोबा काय करतायत?" मी त्याला तळं दाखवलं.

मग वाईन चाखायला बसवलं. लाल, काबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो या द्राक्षांची. वाडी पाचशे वर्षं जुनी, पण ही वाईन पहिल्यांदा निघाली १९७९ साली. म्हणजे माझ्याहून थोडीशीच थोरली. पेल्यात तळाला बोटभर. आधी बघा, मग फिरवा, हुंगा, तोंडात घोळवा आणि मग, आई, बाजूच्या भांड्यात थुंका! वसईतल्या नंदाखालच्या माणसाला हे सांगतात. हिनं माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे, आणि दोघांनी गिळून टाकली. परत बसनंच यायचं होतं.

जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तशी तुरट. हा तुरटपणा सालीचा आणि बियांचा, असं तिथल्या बाई म्हणाल्या. मी म्हटलं, आमची आई नाताळच्या वाईनमध्ये मूठभर गहूही टाकते. बाई जरा वेळ गप्पच बसल्या. त्यांची वाईन उत्तम, वादच नाही. पण चाखून झाल्यावर माणूस विचारात पडतो. आई, तुझी पिऊन झाल्यावर गायला लागतो. साखरेला तुझा हात सढळ, हेही खरं.

बाबा, येताना बसमध्ये एक हिशेब सुचला. १७३९ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि आपल्याकडची चर्चची घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेली. आता आईच्या वाईनच्या बरणीसाठी काळी द्राक्षं नाशिकहून येतात. फिटलं म्हणायचं का?

वाईनसोबत मेंढीच्या दुधाचं चीज होतं. वरचा पापुद्रा झाकणासारखा कापायचा आणि आतलं चमच्यानं खायचं. हिचं म्हणणं, त्यापेक्षा सुकेळी शोभली असती. गावातलं कुणी इकडे येणार असेल तर दोन पुडे द्या. जरा जास्तच द्या, आणणारा वाटेत खातो.

तुमचा,
बाळा